वरचं दार

टाचणीच्या गंजाचा डाग... एवढासा, मुंगीएवढा, आणि बसलाय नेमका फिकट निळ्या चौकोनावर. रंगाच्या दुकानात फुकट मिळतं तसलं छटांचं कार्ड. पुढे चौकोन, मागे पेंटरचं पत्र. अकरा वर्षं ते शब्दकोशात होतं. शब्दकोश त्यानं रोज उघडला होता, पण ते पान समोर येणार नाही अशा बेतानं – आपल्याच घरातल्या एखाद्या खोलीला माणूस वळसा घालून जातो, तसा.

“सर, नमस्कार. मुलीला मी माझंच नाव सांगितलं, कारण तुमचा चेहरा बघवेना. पण पुढच्या वर्षी वर्गात आलो तर ती माझ्याकडे कशी बघेल? तिला खरं काय ते सांगा आणि मला दोन ओळी टाका. ओळी आल्या की मी येतो.”

दोन ओळी. चाळीस वर्षं भाषा शिकवलेल्या माणसाकडे मागितलेल्या दोन ओळी! त्याही झाल्या नाहीत. आधी वाटलं, सवडीनं लिहू. मग वाटलं, आता उशीर झाला. मग उशिराबद्दल काय लिहायचं हेच सुचेना. असं म्हणत तो निवृत्त झाला.

“अहो, दात बसला का नीट?” बायकोनं आतून विचारलं.

“बसला.”

“मग तोंड का असं? डॉक्टरांनी चुकून जीभ काढली की काय?”

दात बसला होता, ते खरं होतं. सकाळी दातांच्या दवाखान्यात तो रांगेत बसला असताना टेबलामागची मुलगी उठून उभी राहिली होती – ताठ, शाळेत उभी राहायची तशी.

“सर! ओळखलंत का? मी प्रश्नचिन्ह.”

शिक्षकांच्या खोलीत तिला हेच नाव होतं, आणि ते तिला माहीत होतं. म्हणजे सगळंच कळत असतं मुलांना. सगळंच नाही. तिनं त्याचा कागद काढला, जन्मतारीख विचारली, आणि मध्येच म्हणाली, “तो पेंटर आठवतो का हो, सर? माझं दार खाली आणलं होतं त्यानं. मेल्यानं सगळं बिघडवलं. मी परत ब्रश हातात घेतला नाही. आई म्हणाली, बरं झालं, कपडे तरी वाचले.” ती मोकळेपणानं हसली. “तुम्ही मात्र मला चित्रकलेची वही दिलीत. अजून आहे ती. कोरी.”

तेव्हा बोलायला हवं होतं. पण तोंडात कापूस नव्हता तरी कापूस असल्यासारखं झालं, आणि आतून हाक आली, आणि तो उठला – हाक आली म्हणून किती बरं वाटलं मला!

अकरा वर्षांपूर्वी वरच्या कचेरीतून आदेश आला होता : गावातले कलाकार वर्गात बोलवा, आठवड्यातून एक तास. शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. “न्हाव्याला बोलवा, केशकला शिकवेल,” गणिताचे म्हणाले. “आणि हे काम यांच्याकडे द्या, हे पुष्कळ वाचतात.” वाचणाऱ्या माणसाच्या गळ्यात काहीही घालता येतं, तो नाही म्हणत नाही. तो पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडे गेला. पेंटर शिडीवर होता. वरूनच म्हणाला, “मी सहावी नापास आहे, सर. चालेल?”

चालला. नको तितका चालला. मागच्या भिंतीवर मुलांनी आपापलं घर काढायचं, एवढंच पेंटरनं ठरवलं. आणि जी मुलं याच्या भाषेच्या तासाला बाकावर डोकं टेकायची, ती श्वास रोखून उभी राहायला लागली. “रेघ एकदाच,” पेंटर म्हणायचा. “चुकली तर राहू दे. ती तुझी आहे.” हा शेवटच्या बाकावर बसून तपासायच्या वह्यांवर लाल रेघा मारत असायचा, आणि प्रत्येक वेळी ते वाक्य कानावर पडलं की त्याची लाल रेघ जरा जास्त दाबून उमटायची.

मग मुख्याध्यापिका आल्या. सोमवारी साहेब येणार होते. भिंतीकडे बघून त्या म्हणाल्या, “हे दाखवायचं, सर? ही घरं आहेत की भूकंप?” बास, एवढंच. पुसा म्हणाल्या नाहीत, सुधारा म्हणाल्या नाहीत. पण शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर तो एकटा वर्गात थांबला. पेंटरचेच डबे, पेंटरचाच ब्रश. भिंती सरळ केल्या, छपरं जुळवली, वर काळी किनार ओढली. वही घरी नेऊन तपासावी तसा तो भिंत तपासत होता. प्रश्नचिन्हाच्या घराला दार वरच्या मजल्यावर होतं, अधांतरी. दार कधी वर असतं का? त्यानं ते झाकलं आणि खाली नवं काढलं, समोर छोटीशी वाट. आणि मजा आली – हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – फार मजा आली.

साहेबांनी कौतुक केलं. फोटो निघाला. पेंटर दारातच उभा होता, भिंतीकडे बघत. आणि ती मुलगी सगळ्यांदेखत त्याच्यापुढे गेली. “तुम्ही माझं दार का खाली आणलंत? आमच्या खाली गोदाम आहे. आम्ही बाहेरच्या लोखंडी जिन्यानं वर जातो. आमचं दार वरच आहे.”

पेंटरनं याच्याकडे पाहिलं. किती वेळ? एखादं वाक्य सुरू करून संपवता आलं असतं इतका वेळ. मग तो खाली वाकून म्हणाला, “हो पोरी, माझाच हात गेला. चुकलो मी.”

आणि हा खडू झटकत राहिला. खडू हातात नव्हताच.

आठवड्यानं पत्र आलं. पुढच्या वर्षी कचेरीचा तक्ता आला तेव्हा पेंटरच्या नावापुढे त्यानं स्वच्छ, वळणदार अक्षरात लिहिलं : ‘कलाकार उपलब्ध नाही.’ दोन ओळींना वेळ नव्हता, या तीन शब्दांना होता.

“उत्तर लिहिताय की पेपर तपासताय?” बायको चहा घेऊन आली होती. टेबलावर चार कागद, चारही खोडलेले. पहिल्यात ‘क्षमस्व’ होतं, ते जड वाटलं. दुसऱ्यात ‘परिस्थितीमुळे’. कुठली परिस्थिती? तिसरा नुसताच लांब. चौथा लिहिताना आपण पेंटरच्या पत्रातलं शुद्धलेखन मनात दुरुस्त करतोय हे त्याच्या लक्षात आलं, आणि पेन खाली ठेवलं.

“कुणाला लिहिताय एवढं?”

“एका पेंटरला.”

“चौकातल्या? सायकलच्या दुकानाची पाटी परवा त्यानंच रंगवली की. मग दहा मिनिटं चालत जा ना. जिवंत माणसाला पत्रं कसली लिहिता!”

बरोबर होतं तिचं. नेहमीच असतं. पण चालत जायचं म्हणजे शिडीखाली उभं राहायचं, वर बघायचं.

पाचवा कागद त्यानं घेतला आणि न थांबता लिहिलं : ‘तिला आज खरं सांगितलं. ते मी केलं होतं, तुम्ही नाही.’ दोन ओळी. वाचून पाहिलं नाही. पाकीट, पत्ता, तिकीट, चपला.

पेटीच्या तोंडात पाकीट धरून तो उभा राहिला. मागे एक बाई खोकली. त्यानं बोटं सोडली. आत, खूप खाली, ते कशावर तरी पडल्याचा हलका आवाज आला...

आणि मग त्याला ते वाक्य दिसलं, फळ्यावर लिहावं तसं. तिला आज खरं सांगितलं. सांगितलेलं नव्हतं. चाळीस वर्षांत पहिलंच वाक्य, जे त्याच्या हातून निसटलं होतं आणि दुरुस्त करता येत नव्हतं. पेंटरच्या नावावर एक खोटं होतंच, आता हे माझ्या नावावर. की अजून झालेलं नाही ते? दवाखाना सहाला बंद होतो, सकाळी पाटीवर वाचलं होतं. आता साडेचार. घर डाव्या हाताला होतं, दवाखाना उजव्या. जिभेला नवा दात लागत होता, परक्याचा असावा तसा, आणि तोंडाशी आलेले शब्द त्याला अडून तिथेच जमत होते – सरळ, वाकडे, कसेही – आणि त्यातल्या एकाचीही जागा बदलावी असं, आश्चर्य म्हणजे, त्याला वाटत नव्हतं.