पेपरवेटखालचा अर्ज

उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांचे अर्ज तपासणाऱ्या बाईंना कचेरीत सगळे चाळणबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. सव्वीस वर्षं त्या एकाच टेबलावर बसून माणसं चाळत होत्या, आणि चाळणीची भोकं केवढी मोठी आहेत हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तपासणीच्या फॉर्मवर चौकोन चारच: वय पूर्ण, नागरिक आहे, शिक्षा झालेली नाही, सभागृहातल्या वीस सभासदांच्या सह्या आहेत. चारही ठिकाणी खूण झाली की खाली ‘पात्र’ असा शिक्का. मग माणूस अकलेचा कांदा का असेना!

यंदा मात्र तो शिक्का जड झाला होता. राष्ट्राध्यक्ष अंथरुणाला खिळले होते. “त्यांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात म्हणे,” नवरा सकाळी दाढी करता करता म्हणाला. म्हणजे आता जो उप होईल तोच वर्षाच्या आत मुख्य होणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

उमेदवार दोन. एक सत्ताधाऱ्यांचा ‘हसरा’. तीन खाती सांभाळली, पण एकाही फाइलची दोरी कधी सोडली नाही. फोटोत मात्र झकास हसायचा. दुसरी ‘पाणीवाली’. पाणीपुरवठा खात्यात जन्म घालवलेली इंजिनिअर बाई. दुष्काळाच्या दोन वर्षांत तिने एकाही गावाचा नळ कोरडा पडू दिला नव्हता.

“आई, हसरा पात्र ठरणार?” चहाचा कप पुढे सरकवत मुलीने विचारलं.

“वय आहे, नागरिक आहे, तुरुंगात गेलेला नाही. ठरेल.”

“आणि अक्कल?”

“तो चौकोन नाही गं फॉर्मवर.”

“मग तू तिथे करतेस तरी काय?”

चाळणबाईंनी डबा पिशवीत टाकला आणि घराबाहेर पडल्या. खरं तर त्यांना राग यायला हवा होता. तो आला नाही.

तपासणीची बैठक अकराला होती. त्याआधी त्यांनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवून चाळीस सह्या ताडून पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. एक सही दोन्हीकडे होती. सभागृहात एक म्हातारे सभासद होते, सहीबहाद्दर. पुढ्यात कागद आला की वर काय छापलंय ते न बघता सही ठोकायची, ही त्यांची ख्याती. बिचाऱ्यांनी दोघांनाही उपकृत करून ठेवलं होतं. नियम साधा होता: जो अर्ज आधी दाखल झाला त्यातली सही धरायची, नंतरच्या अर्जातली बाद. दोघांकडेही मोजून वीस सह्या. म्हणजे एकाच्या एकोणीस होणार आणि तो घरी जाणार.

नोंदवहीत चाळणबाईंच्याच अक्षरात लिहिलं होतं: हसरा, दहा वाजून वीस मिनिटं. पाणीवाली, अकरा वाजून पाच.

ती नोंद खरी नव्हती. कारण परवा, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, पाणीवाली एकटीच आली होती, दहाला वीस मिनिटं कमी असताना. चाळणबाईंनी अर्ज हातात घेतला, पानं मोजली, पूर्ण आहेत असं म्हणाल्याही. वहीत वेळ लिहायला पेन उघडलं, तेवढ्यात जिन्यावरून ढोलताशांसारखा गलका वर आला. हसऱ्याची वरात! शंभरेक माणसं, हार, कॅमेरे, घोषणा. त्या कचेरीत एक जुना रिवाज होता, कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता: गोंगाट आधी. ओरडणाऱ्याचं काम आधी उरकायचं, म्हणजे तो जातो आणि डोकं शांत राहतं. गप्प बसणारा काय, थांबतोच. चाळणबाईंनी पाणीवालीचा अर्ज पेपरवेटखाली सरकवला आणि म्हणाल्या, “बाई, जरा बसा. आधी हा गोंधळ मार्गी लावते.”

पाणीवाली बाकावर बसली. लोकांना जायला वाट व्हावी म्हणून तिने पिशवी मांडीवर घेतली. वरात गेल्यावर तिचा अर्ज पेपरवेटखालून निघाला, तोवर अकरा वाजून गेले होते.

बैठकीच्या खोलीत लांब टेबलाच्या एका बाजूला हसरा, त्याचा वकील आणि सात-आठ माणसं, दुसऱ्या बाजूला पाणीवाली. सहीबहाद्दर मधे खुर्चीत पेंगत होते. दोन्ही सह्या आपल्याच असल्याचं त्यांनी आनंदाने कबूल केलं. चाळणबाईंनी नियम वाचला, नोंदवहीतल्या वेळा वाचल्या आणि विचारलं, “कुणाची हरकत?”

“माझी आहे,” पाणीवाली म्हणाली. “माझा अर्ज आधी तुमच्या हातात आला. तो तुमच्या पेपरवेटखाली होता.”

वकील हसला. “बाईसाहेब, पुरावा आहे? वहीत काय लिहिलंय ते महत्त्वाचं.”

“पुरावा नाही. त्या बाईंना माहीत आहे.”

सगळ्यांच्या माना चाळणबाईंकडे वळल्या. ‘आठवत नाही’ एवढं म्हटलं असतं तरी भागत होतं. खोटी नोंद म्हणजे चौकशी, खुर्ची गेली, सव्वीस वर्षांच्या नावाला काळिमा. आणि आठवत नाही म्हटलं तर? फॉर्मचे चौकोन भरतील, शिक्का बसेल, देश हसऱ्याच्या हाती जाईल आणि संध्याकाळी मुलगी समोर येऊन बसेल. चाळणबाईंना फार थकल्यासारखं झालं. इतकी वर्षं त्या म्हणत आल्या होत्या, आपल्या हातात काही नाही. आता होतं, तर नको वाटत होतं.

“आला होता,” त्या म्हणाल्या. “दहाला वीस मिनिटं कमी होती. मी हातात घेतला, तपासला आणि बाजूला ठेवला. नोंद चुकीची आहे. चूक माझी.”

एकच कल्लोळ उठला. हसऱ्याचं हसू प्रथमच मावळलेलं दिसलं. वकील टेबलावर हात आपटत ओरडला, “का ठेवलात बाजूला? कारण सांगा!”

चाळणबाईंनी वही ओढली, जुनी वेळ लाल शाईने खोडली, नवी लिहिली, सही केली. कारणाच्या रकान्यापाशी त्या थांबल्या. मग लिहिलं: ‘ह्या बाई ओरडत नव्हत्या म्हणून.’

“या खुर्चीवर बसायची लायकी नाही तुमची!” वकील म्हणाला.

“नाहीच,” त्या म्हणाल्या आणि हसऱ्याच्या फॉर्मवर ‘अपात्र’चा शिक्का मारला.

दुपारी तीनपर्यंत वरून फोन आला. किल्ल्या साहेबांकडे द्या, पुढचा हुकूम येईपर्यंत घरी बसा. हसऱ्याची माणसं कोर्टात जाणार होती. तिथे काय होईल ते होईल. चाळणबाई खण रिकामा करत होत्या, तेवढ्यात पाणीवाली आपली पावती न्यायला आली.

“माझ्यामुळे तुमचं...” ती म्हणाली.

“तुमच्यामुळे नाही. परवा तुम्ही बोलला का नाहीत पण? अर्ज तुमचा आधी होता.”

पाणीवालीने खांदे उडवले. “तुम्ही इतक्या दमलेल्या दिसत होता. म्हटलं, बसू थोडं.”

चाळणबाईंनी पावती तिच्या हातात दिली, पण आपलं टोक सोडलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी कुठल्याही उमेदवाराला चार चौकोनांपलीकडचं काही सांगितलं नव्हतं.

“एक ऐकाल? तिकडे गेल्यावर तुम्हाला पुष्कळ दमलेली माणसं भेटतील,” त्या म्हणाल्या. “कुणी ‘बाई, जरा बसा’ म्हणालं, तर बसू नका.”