पेंटरबाबांचा फॉन्ट

पेंटरबाबांचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी ब्रश रॉकेलमध्ये धुतले, फडक्यात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. कुणाला काही बोलले नाहीत. घरच्यांना धास्ती वाटली ती याचीच, कारण दुकानांच्या पाट्या रंगवताना शिडीवरसुद्धा गुणगुणणारा हा माणूस. तो गप्प बसला म्हणजे आत काहीतरी मोडलेलं असणार.

सूनबाई कॉम्प्युटरवर जाहिराती करायची. तिने बाजारात हिंडून सासऱ्यांच्या जुन्या पाट्यांचे फोटो काढले, एकेक अक्षर वेचलं आणि त्यांचा फॉन्ट तयार केला. बाबांना कीबोर्डपुढे बसवून म्हणाली, "आता हात थरथरला तरी बिघडत नाही. दाबा."

बाबांनी एक बटण दाबलं. पडद्यावर उमटलं ते त्यांचंच अक्षर, पोट भरलेलं आणि शेपटीला किंचित झोकदार.

"हा 'क' बेकरीचा," बाबा म्हणाले.

"हो. अजून तिथे उभा आहे. पाव विकतोय."

बाबांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. त्या संध्याकाळी घरात पुन्हा गुणगुणणं ऐकू आलं, आणि सूनबाईला देव पावल्यासारखं झालं.

पुढचं सगळं त्या आनंदातूनच घडलं. चिरंजीवांचं चष्म्याचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांना सवलतीची मेल जायची. बाबांनी हट्ट धरला की मेल आपल्या अक्षरात जाईल.

"बाबा, मेलमधून अक्षर जात नाही, अक्षराचं नाव जातं," सूनबाई समजावत होती. "पलीकडच्या मशीनमध्ये हा फॉन्ट असला तर ते लावणार. नसला तर दुसरा कुठलातरी."

"आपल्याकडे दिसतोय की."

"आपल्याकडे मी घातलाय म्हणून."

"दुकानातही झकास दिसतोय," चिरंजीव म्हणाले.

"तिथेही मीच घातलाय."

"मग त्या नावामागे लिहून टाक ना, हा नसेल तर हस्ताक्षरासारखं जे मिळेल ते दाखव. वळणदार तर वळणदार."

सूनबाईला हे मुळीच पटलं नाही. सगळ्या मशीनमध्ये असतात त्यांतला एखादा साधा फॉन्ट मागे ठेवू म्हणाली, तर औषधाच्या बाटलीवरची ती अक्षरं बाबांना बघवेनात. पण दोघे एका बाजूला, त्यातला एक नवरा आणि दुसरा नुकताच गुणगुणायला लागलेला सासरा. तिने हात टेकले. मेल गेली.

रविवारी बाबा थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे, गेले. फोनवर मेल उघडून आक्काने पुढे धरली. दोऱ्याचा गुंता विस्कटून टाकावा तशी अक्षरं, एकाची मात्रा दुसऱ्याच्या डोक्यात घुसलेली.

"हे कुणी केलं?" बाबांनी विचारलं.

"मी फक्त उघडलं. म्हटलं, हात थरथरतोय बिचाऱ्याचा, तरी लिहितोय हे काय कमी आहे?"

बाबांना चहा गोड लागला नाही. आक्काच्या फोनमध्ये फॉन्ट कुठून घालायचा ते काही त्यांना सापडलं नाही, पण माघार घेणारा गडी तो नव्हे. दुसऱ्या दिवसापासून खिशात पेनड्राइव्ह टाकून ते नातेवाइकांची दारं वाजवू लागले. व्याह्यांनी "या, बसा" म्हणायच्या आत विचारायचे, "कॉम्प्युटर कुठल्या खोलीत आहे?" व्याह्यांना वाटलं, लेकीचं काहीतरी बिनसलंय आणि पुरावा शोधायला आलेत.

"बाबा, सगळ्या गिऱ्हाइकांच्या घरी जाणार का तुम्ही?" सूनबाईने विचारलं.

"चालायला डॉक्टरांनीच सांगितलंय."

असं चाललं असताना एका दुपारी बाबा दुकानात गल्ल्यामागे बसले होते. टेलरबाई आल्या. त्यांचं शिवणकाम साऱ्या पेठेत नावाजलेलं. चिरंजीवांनी त्यांना तक्त्यापुढे बसवलं, भिंगं बदलून पाहिली.

"नंबर आहे तोच आहे, बाई."

"नीट बघा. तुमची मेल आली, एक ओळ लागेना. उजेडात नेली, लांब धरली, जवळ धरली. काही नाही." टेलरबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "डोळे गेले तर मी करणार काय? मशीन विकायला काढायचं ठरवलं होतं."

"बाबा, हल्ली तपासणीला बरीच माणसं येताहेत," चिरंजीव हळूच म्हणाले. "मेल चालली म्हणायची."

बाबांनी टेलरबाईंचा फोन मागून घेतला. त्या गुंत्यातली आपणच घातलेली ओळ पाठ होती म्हणूनच त्यांना वाचता आली. 'डोळ्यांची काळजी घ्या.'

चिरंजीवांकडे त्यांनी अशी नजर टाकली की ते भिंगं पुसायला आत गेले.

"बाई, डोळे तुमचे उत्तम आहेत," बाबा म्हणाले. "आंधळं झालं होतं ते माझं अक्षर. मशीन विकू नका."

घरी येऊन त्यांनी चपला काढायच्या आत सूनबाईला हाक मारली. "ते औषधाच्या बाटलीवरचे फॉन्ट काढ. सगळ्या मशीनमध्ये असतात म्हणालीस ते."

"तुम्हाला ते बघवत नाहीत."

"नसतील बघवत. गाणाऱ्याचा गळा बसला तर मागच्या साथीदाराने ओळ धरायची असते, आपल्या ताना मारायच्या नसतात. आपण मागे उभा केला तो सगळाच तानबाज."

"मी हेच सांगत होते, बाबा."

"तू कॉम्प्युटरच्या भाषेत सांगत होतीस."

साथीदाराची निवड दुकानातच झाली, तपासणीच्या खुर्चीवर टेलरबाईंना बसवून. सूनबाई वेगवेगळ्या फॉन्टच्या मेल त्यांच्या फोनवर पाठवत होती आणि बाबा खुर्चीमागे श्वास रोखून उभे.

"हा टाचणीने लिहिलाय," बाई म्हणाल्या. पुढची मेल. "हा अंगावर ओरडतो." पुढची. बाई वाचू लागल्या, "दुरुस्ती फुकट, सोमवारी दुकान बंद..." आणि थांबल्या. "फॉन्ट कसा आहे विचारताय? बघायचा राहिला. मी वाचतच गेले."

"हाच," बाबा म्हणाले.

मग सूनबाईने मेलमध्ये बाबांच्या फॉन्टचं नाव पहिलं ठेवलं, त्याच्या पाठीशी हा साधा उभा केला आणि अक्षरं थोडी मोठी केली. दुकानाचं नाव तेवढं बाबांच्या वळणात, चित्र करून वर लावलं. कुणाच्या फोनने चित्र उघडलं नाही, तर त्या जागी नाव साध्या अक्षरात दिसेल अशी सोय केली.

मेल गेली आणि आक्काचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला.

"वर नुसती चौकट आहे, आत दुकानाचं नाव. खाली सवलत, दुरुस्ती, सोमवारी बंद. सगळं लागलं मला, चष्म्याशिवाय." मग आक्का म्हणाली, "हात सुधारला रे तुझा."

सूनबाई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघराकडे वळली. बाबांनी तिला हातानेच थांबवलं.

"हो आक्का," ते म्हणाले, "आता साथ चांगली मिळाली आहे."