नकाशात नसलेला ओढा

वाळूत खणलेल्या खड्ड्यात पाणी लगेच दिसत नाही. आधी तळाची वाळू गडद होते, मग एखाददुसरा कण जागचा हलतो, आणि त्यानंतरच पाणी आहे हे कळते.

मार्चअखेरची सकाळ होती. कात्रजच्या पुढे, नुकत्याच महापालिकेत आलेल्या गावात, विजयमालाबाईंच्या रानातला ओढा वरून पार कोरडा होता. त्यांची सून शालू बाळंत होऊन सव्वा महिना झाला होता. त्यांच्या घरची बाळंतीण पहिल्यांदा बाहेर पडते ती साती आसरांची, म्हणजे काठावरच्या शेंदरी दगडांमधल्या जलदेवतांची ओटी भरायला. ओटी वाहत्या पाण्याशीच भरायची. ओढा आटला असला तर बायका पात्रात असा खड्डा खणतात. त्याला झिरा म्हणतात.

विकास आराखड्याच्या नकाशात हा ओढा नव्हता. तो दाखवावा अशी हरकत मी घेतली होती. पण ओढा दाखवला की रानाच्या मधोमध बांधकाम बंद, आणि बिल्डरशी ठरत आलेला सगळ्या घराचा जमिनीचा व्यवहार मोडणार. त्यामुळे ओढा आहे असे सुनावणीत सांगाल का, हे वर्षभर मी विचारले की विजयमालाबाई म्हणत, "बघू."

वाळूखालून वाहणाऱ्या पाण्याची आकृती मी कॉलेजात वर्षानुवर्षे फळ्यावर काढली आहे. पण आकृती गार नसते. मी झिऱ्यात बोट बुडवले आणि बराच वेळ बाहेर काढले नाही. गेल्या पावसाळ्यात टेकड्यांवर पडलेले पाणी कातळावरून, वाळूखालून, कोणाला न दिसता इथवर चालत आले होते. बायकांनी कितीही तांबे उपसले तरी ते पुन्हा त्याच रेषेपर्यंत चढत होते.

बांधावरून विजयमालाबाईंचे धाकटे दीर मच्छिंद्र म्हणाले, "मॅडम, आसरांना गच्चीत नळ काढून देऊ की. वर टाकी बी बसवू."

सगळ्या हसल्या. विजयमालाबाईही हसल्या. मग त्यांनी नातवाची पावले पाण्याला लावली. त्याने पाय आखडून घेतले आणि पुन्हा स्वतःच सोडले. त्या तशाच वाकून पाण्याकडे बघत राहिल्या. शालूने दोनदा हाक मारली तेव्हा उठल्या.

पुढच्या आठवड्यात स्वारगेटजवळच्या सभागृहात सुनावणी झाली. मी माझे म्हणणे मांडले, फोटो दिले. मच्छिंद्र यांनी सांगितले की ओढा वगैरे काही नाही, पावसाचे पाणी दोन दिवस वाहते इतकेच. अधिकाऱ्यांनी मला विचारले, मार्चमध्ये पाणी होते का. वाळूखाली होते, मी म्हणाले. "म्हणजे वर नव्हतं," ते शांतपणे म्हणाले, आणि जागेच्या मालकांपैकी आणखी कोणाला बोलायचे आहे का, असे त्यांनी विचारले.

विजयमालाबाई उठल्या.

"वहिनी, बसा," मच्छिंद्र हळूच म्हणाले. "झालंय आपलं."

"थांबा जरा, भावजी."

त्यांनी पदर सारखा केला.

"साहेब, ओढा हाय. माझ्याच रानातनं जातोय. नकाशावर दाखवा."