दहा प्रार्थनांइतका वेळ

मी एक जुना थर्मामीटर आहे. मित्रांनो, तुमच्या घरात असतो तसला नाही. मी घोड्यांचा थर्मामीटर. तुमच्याकडच्यापेक्षा जाड आहे आणि माझ्या डोक्याला सुतळी बांधलेली आहे. सुतळीच्या टोकाला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा असतो. तो घोड्याच्या शेपटीच्या केसांना लावतात, म्हणजे मी गवतात पडून हरवत नाही. मी घोड्याच्या तोंडात जात नाही. कुठे जातो ते मोठ्या माणसांना विचारा, आणि त्यांनी विषय बदलला तर पुन्हा विचारू नका.

एका कारखान्यात फुंकलेल्या काचेतून माझा जन्म झाला. माझ्या पोटात पारा भरला, अंगावर बारीक रेघा कोरल्या आणि मला एका पेटीत निजवलं. पेटी उघडली ती आयर्लंडमध्ये, किल्डेअरच्या माळावर, कोलमन गेराटी यांच्या तबेल्यात. गेराटी शर्यतीचे घोडे तयार करत. अकरा घोडे, दोन कुत्रे आणि एक डिम्पना, एवढाच त्यांचा पसारा होता.

डिम्पना टूही ही घोड्यांची देखभाल करणारी बाई. पन्नाशीची, बोलायला कमी. पहाटे चहाचा कप हातात घेऊन ती मला खुंटीवरून काढी. थंड काच लागली की घोडं दचकतं, म्हणून आधी मला गरम कपाला टेकवून ऊब देई. कपाच्या उबेने माझा पारा वर चढे, आणि एकदा चढला की तो आपोआप उतरत नाही. म्हणून मग ती मला तीन वेळा जोरात झटके. पारा खाली गेला की माझं काम सुरू.

मला घोड्यापाशी तीन मिनिटं ठेवावं लागतं. डिम्पना घड्याळ वापरत नसे. ती मारियामातेची प्रार्थना दहा वेळा म्हणे. दहा झाल्या की मी बाहेर. आकडा दाराजवळच्या पाटीवर खडूने लिही आणि पुढच्या घोड्याकडे जाई. अकरा घोड्यांच्या एकशे दहा प्रार्थना रोज होत. गेराटी हसून म्हणत, आमच्या तबेल्यात देव माझ्यासाठी नाही, थर्मामीटरसाठी येतो.

त्या दिवसांत माझं फार कौतुक झालं. एका शिंगराचा ताप मी खोकला सुरू व्हायच्या आधी दाखवला, तेव्हा घोड्यांचे डॉक्टर प्रन्टी म्हणाले की हा अर्धा डॉक्टर आहे. मी किती फुगलो म्हणून सांगू. खरं तर मी काहीच केलं नव्हतं. मला ऊब लागली आणि पारा चढला, इतकंच. पण कौतुक कोणाला नको असतं?

तबेल्यात लार्क नावाची तांबूस घोडी होती. सहा वर्षांची. तिचा हा शेवटचा हंगाम होता, आणि फ्रान्समधल्या एका शर्यतीचं बोलावणं आलं. तीस वर्षांत गेराटींचा एकही घोडा समुद्रापलीकडे धावला नव्हता. पाद्रीबुवांनी रविवारी चर्चमध्ये बातमी सांगितली. डिम्पनाही सोबत जाणार होती. तिने कधी समुद्र ओलांडला नव्हता. तिने एक निळा कोट विकत घेतला आणि तो खोगिरांच्या खोलीत, माझ्या शेजारच्या खुंटीला टांगून ठेवला. रोज येता जाता ती त्याच्यावरची धूळ झटके. धूळ मला तरी दिसली नाही.

मित्रांनो, घोड्याने देश ओलांडायचा म्हणजे माणसापेक्षा जास्त कागद लागतात. लार्कचा स्वतःचा पासपोर्ट होता. त्यात फोटोच्या जागी तिचं चित्र, आणि अंगावरच्या केसांचा प्रत्येक भोवरा कुठे आहे ते लाल शाईने दाखवलेलं. तापाच्या साथीची सगळी इंजेक्शनं, प्रत्येकापुढे तारीख आणि डॉक्टरांची सही. रक्ताच्या तपासण्या. आणि एक कागद माझ्यासाठी: निघण्याआधी दहा दिवस, रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहायचा. साडेअडतीसच्या वर गेला तर घोडी जाणार नाही. शेवटी डॉक्टर येऊन तपासणार, कागद वाचणार आणि सही करणार.

नऊ दिवस सगळं सुरळीत गेलं. दहाव्या सकाळी मी एकोणचाळीस दाखवले.

डिम्पनाने मला उजेडात धरलं. मग वळवून पुन्हा धरलं. पाटीवर काहीच न लिहिता ती तशीच उभी राहिली. इतक्यात गेराटी आले. त्यांच्या हातात शहरातून आणलेला नवा बॅटरीवरचा थर्मामीटर होता, टुकटुक आवाज करणारा. माझा आकडा ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"कपाला टेकवलास आणि झटकायला विसरलीस," ते म्हणाले.

डिम्पना विचारात पडली. ती मला झटकणारच होती, तेवढ्यात अंगणातून ट्रकवाल्याचा फोन आल्याची हाक आली होती. नंतर तिने मला झटकलं होतं का? तिला आठवेना. मित्रांनो, मलाही आठवेना! हजारो वेळा झटकलेल्याला एक दिवस वेगळा कसा लक्षात राहणार? माझ्यातला पारा लार्कचा होता की चहाचा, हे मला कळत नव्हतं. आजवर मी फक्त जे लागेल ते दाखवत आलो होतो. आता मी खरं बोलतोय की खोटं, हेच मला ठाऊक नव्हतं.

गेराटींनी नवा थर्मामीटर लावला. टुक् वाजलं आणि त्यांनी लगेच काढला. सदतीस आणि आठ दशांश. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तो आकडा कागदावर लिहिला. डिम्पनाने लार्कच्या पायांना प्रवासाच्या पट्ट्या बांधायला घेतल्या, पण मधूनच घोडीच्या कानाला हात लावून पाही. मीही खुंटीवर लटकून त्या नव्या थर्मामीटरकडे पाहत होतो. त्याला काच नव्हती, पारा नव्हता, आणि त्याला शंकाही नव्हती.

अकरा वाजता डॉक्टर प्रन्टी आले. लार्कचे दात, डोळे, छाती पाहिली, पासपोर्टमधले भोवरे तिच्या अंगावर मोजले. मग ताप घ्यायला बॅग उघडणार, तेवढ्यात कागदावर त्यांची नजर गेली. नऊ दिवस डिम्पनाचं अक्षर, आणि आज गेराटींचं.

"आजचा आकडा कोणी घेतला?" त्यांनी विचारलं.

गेराटी म्हणाले, "मी. नव्या यंत्राने."

"हे यंत्र दोनदा वाजतं, कोलमन. एकदा चालू होताना, एकदा मोजून झाल्यावर. तू कुठल्या वेळी काढलंस?"

गेराटींनी पहिल्याच आवाजाला काढलं होतं. थांबणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. डॉक्टर डिम्पनाकडे वळले. एकोणीस वर्षं तिने गेराटींचं मीठ खाल्लं होतं. खोगिरांच्या खोलीच्या उघड्या दारातून तो निळा कोट तिला दिसत होता, मला तर त्याची बाही लागत होती. गप्प बसली असती, तर कोणी तिला दोष दिला नसता.

"सकाळी मला एकोणचाळीस दिसले," ती म्हणाली. "पण मी झटकला होता का, ते आठवत नाही. डॉक्टर, तुमच्यासमोर पुन्हा घेते."

तिने मला खुंटीवरून काढलं. चहा नाही, ऊब नाही. तीन झटके दिले आणि तिन्ही तोंडाने मोजले. लार्क दचकली. चिमटा शेपटीला लागला आणि डिम्पनाने प्रार्थना मोठ्याने सुरू केली.

आता त्या लोकांची एक सवय सांगतो. ही प्रार्थना अर्धी एकाने म्हणायची आणि उरलेली अर्धी ऐकणाऱ्याने. लहानपणापासून ती अशीच त्यांच्या जिभेवर बसलेली असते. डिम्पनाची अर्धी संपली आणि गेराटींच्या तोंडून उरलेली अर्धी आपसूक निघाली. ते रागावलेले होते, तरीही निघाली. दुसऱ्यांदा निघाली, तिसऱ्यांदा निघाली. तिसरीच्या वेळी त्यांनी टोपी काढली. डॉक्टरही म्हणू लागले. कोलमन गेराटी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण तीन मिनिटं थांबले.

एकोणचाळीस आणि वर एक रेघ.

डॉक्टरांनी सही केली नाही. ट्रक रिकामा गेला. गेराटींनी स्वतः फ्रान्सला फोन केला. डिम्पनाने लार्कच्या पायांच्या पट्ट्या सोडल्या, आणि दुसऱ्या दिवशी कोट घरी नेला. आठवडाभर मालक तिच्याशी बोलले नाहीत. मी खरं बोललो होतो, तरी सगळे माझ्यामुळेच दुःखी होते. हे मला तेव्हा समजलं नाही आणि आजही पुरतं समजत नाही.

तिसऱ्या दिवशी लार्क खोकू लागली. मग आणखी तीन घोडे. डॉक्टर म्हणाले, डोकं वर बांधून दीड दिवस ट्रकमध्ये आणि बोटीत उभी राहिली असती, तर तिची फुप्फुसं टिकली नसती, आणि तिच्या नाकातून साथ फ्रान्सच्या तबेल्यांतही गेली असती. लार्क महिन्याने बरी झाली, पण पुन्हा धावली नाही. ती चरायला कुरणात गेली आणि तिथेच म्हातारी झाली.

आठवडा संपल्यावर गेराटी पहाटे आले आणि दारातच थांबले.

"तीन मिनिटं खरंच लागतात का गं?"

"दहा प्रार्थना लागतात, मालक," डिम्पना म्हणाली. मग तिने पहिली सुरू केली आणि त्यांनी उरलेली अर्धी म्हटली.

त्याला आता खूप वर्षं झाली. पारा विषारी म्हणून माझ्यासारख्यांना कोणी वापरत नाही. सगळीकडे टुकटुक वाजणारे आहेत, आणि दुसऱ्या आवाजापर्यंत थांबलं तर तेही खरं बोलतात. डिम्पना निवृत्त झाली. मी एका पत्र्याच्या डब्यात असतो. पण ज्या दिवशी तबेल्यातला एखादा घोडा परदेशी निघतो, त्या दिवशी म्हातारे गेराटी काठी टेकत येतात, मला डब्यातून काढतात, तीन वेळा झटकतात आणि परत ठेवतात. ताप कोणाचाच घेत नाहीत. ओठ मात्र हलत असतात, आणि ते नेहमी प्रार्थनेच्या मधूनच सुरुवात करतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणीतरी नको असलेला आकडा सांगेल. त्याच्यावर रागावू नका. आधीचा पारा खाली झटका, पुन्हा विचारा, आणि उत्तर पूर्ण येईपर्यंत थांबा.