नदीकाठच्या वस्तीचं मत

दीपमालाने संहितेतला मतदारांचा भाग पुन्हा एकदा आखूड केला. नोएडातल्या एका व्हिडिओ कंपनीत ती इतिहासावरच्या फिल्मच्या संहिता लिहायची. या वेळचा विषय होता अमेरिकेतल्या एका शहरात गेल्या शतकाच्या सुरुवातीला झालेली महापौरपदाची निवडणूक. गोष्ट लोकांना आवडेल अशीच होती. पुढाऱ्यांच्या टोळीने शहर गिळलेलं, दारूच्या गुत्त्यांत मतं विकली जायची, आणि एक प्रामाणिक वकील त्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून निवडून आला.

पण वाचता वाचता तिला आणखी काही सापडलं होतं. याच वकिलाच्या माणसांनी मतदारांना वाचनाची परीक्षा लावली होती. बनावट मतं थांबावीत म्हणून, असं ते म्हणत. थांबली मात्र नदीकाठच्या वस्तीतली काळी माणसं. कामाचा खाडा करून, ठेवणीतले कपडे घालून आलेल्या त्या माणसांना दारातूनच परत पाठवलं गेलं.

"छान लिहिलंयस," सुधन्वा म्हणाला. तो तिचा वरिष्ठ. माणूस वाईट नव्हता. "पण हे काढू या, यार. हिरोच पडतो."

"त्यांना मत देऊ दिलं असतं तर तो खरंच पडला असता."

"म्हणूनच तर!"

पूर्वी ती भांडली असती. आता रागावण्याचाही कंटाळा आला होता. "मग फिल्मवरून माझं नाव काढ," ती म्हणाली. निदान याने तरी तो थबकेल असं तिला वाटलं.

"चालेल ना, बिल्कुल," सुधन्वा म्हणाला आणि पुढच्या फाइलकडे वळला.

फिल्म आली ती रविवारी. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये तिचे सासरे, काशीनाथ, टीव्हीसमोर सरसावून बसले. नवरा समाधान बाहेर गेला होता. वकील जिंकला, बँड वाजला, फिल्म संपली.

"तुझं नाव नाही आलं?"

"राहिलं असेल, बाबा."

काशीनाथांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "शहर एवढं मोठं, तिथे गरीब वस्ती असेलच की. त्यांनी कुणाला मत दिलं?"

दीपमाला भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. मग तिने सगळं सांगितलं: परीक्षा, दारावरची माणसं, परत गेलेले लोक. सांगताना आवाज चढला नाही. काशीनाथ ऐकत राहिले.

"गावात आमच्या वस्तीला मत द्यायचं असलं की उन्हात उभं करायचे," ते म्हणाले. "इतरांचं होईपर्यंत. आई मात्र हलायची नाही." मग त्यांनी विचारलं, "हे परीक्षेचं फिल्ममध्ये का नाही घातलंस?"

"घातलं होतं. काढलं त्यांनी."

"आणि तू काढू दिलंस?"

तिने पुन्हा भाजी निवडायला घेतली. काशीनाथांनी ताणलं नाही. भाजीची परात आपल्याकडे ओढली आणि शेंगा सोलू लागले.

सोमवारी मेट्रोत बसायला जागा मिळाली. सुधन्वाचा मेसेज आला होता: फिल्म जोरात चाललीय, पुढच्या निवडणुकीची फिल्मही तूच लिही. तिने दोनदा उत्तर लिहून पुसलं. मग लिहिलं, "लिहीन. पण मतदारांपासून सुरुवात करणार." पाठवलं, आणि डोकं खिडकीला टेकून डोळे मिटले. तो ती सुरुवातही कापेल, हे तिला ठाऊक होतं.