फुल्लवर अडलेला काटा

मी डिझेलचा काटा बोलतोय. स्टिअरिंगमागच्या काचेत, उजव्या कोपऱ्यात, बोटभर लांबीचा, टोकाला नारिंगी रंग लावलेला. या गाडीत माझ्याहून बारीक वस्तू शोधून सापडणार नाही, आणि माझ्याइतक्या शिव्या खाल्लेलीही नाही. खोटारडा, ढोंगी, बनेल ही सगळी विशेषणं मी कोथरूडमध्ये कमावली. माझी बाजू कुणी ऐकून घेतली नाही, म्हणून आज मीच बोलतो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. ज्या गाडीत मला बसवलं ती साधीसुधी नव्हती. आत चामड्याच्या सीटा, दारांना गुळगुळीत लाकडी पट्ट्या, आणि अंगात ताकद अशी की वाळू, चिखल, नदीचं पात्र, काहीही तुडवत जाईल. चाचणी घेणाऱ्याने तिला एका उभ्या चढावर नेलं तेव्हा मी भीतीने थरथरलो होतो. आपलं आयुष्य असंच धाडसात जाणार, असं मला त्या दिवशी वाटलं.

मग आम्ही पुण्यात आलो.

पहिला मालक बांधकाम व्यावसायिक होता. गिऱ्हाइकांना प्लॉट दाखवायला तो आम्हाला बारा वर्षं फिरवत होता. निदान ते प्लॉट तरी खडबडीत होते. त्यानंतर गाडी विकत घेतली सुदर्शनने. सुदर्शन मूळचा वाशीमचा. शिकायला पुण्यात आला, आयटीत लागला, मॅनेजर झाला, कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आणि मग त्याला वाटू लागलं की आपण डोंगर चढायला हवेत. त्याची बायको उत्कर्षा गाडी बघून म्हणाली, "डोंगर चढायला बूट पुरतात." पण तोवर व्यवहार झाला होता.

दसऱ्याला आम्ही घरी आलो. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक आणि टाकी काठोकाठ. मी दिमाखात शेवटच्या रेषेला जाऊन टेकलो. सोसायटीतली माणसं खाली आली, गाडीभोवती फिरली आणि पेढे खाऊन वर गेली.

त्यानंतर गाडी पाच महिने हलली नाही.

याचं कारण पुणेकरांना सांगावं लागणार नाही, इतरांसाठी सांगतो. सोसायटीत जागा नेमून दिलेल्या नव्हत्या. जो आधी येईल त्याची जागा. सुदर्शनला जांभळाच्या झाडाशेजारची, जिन्याजवळची, सगळ्यात रुंद जागा मिळाली होती. गाडी बाहेर काढली तर जागा जाणार. म्हणून तो ऑफिसला स्कूटरवरून जायचा, भाजीला चालत जायचा आणि महाबळेश्वरला टॅक्सी करून गेला. नदीनाले ओलांडणारी गाडी जागा राखायला उभी होती. झाडावरचे पक्षी आमच्यावर काय करत होते ते सांगत नाही.

याच पाच महिन्यांत माझा घात झाला. टाकीत डिझेलवर एक फ्लोट तरंगत असतो. डिझेल कमी झालं की तो खाली येतो, आणि तो खाली आला की मी खाली येतो. मी स्वतःच्या मनाने काही दाखवत नाही. पण जुनं डिझेल एकाच जागी पडून राहिलं, त्याचा चिकटा फ्लोटच्या सांध्यावर धरला आणि तो बिचारा वरच्या वर अडकला. त्याच्याबरोबर मीही फुल्लवर अडकलो.

मार्च उजाडला आणि सुदर्शनचे परदेशी कॉल सुरू झाले. घरात टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या. म्हणून तो रोज संध्याकाळी खाली येऊन गाडीत बसू लागला. इंजिन सुरू, एसी सुरू, मांडीवर लॅपटॉप. "सॉरी, आय वॉज ऑन म्यूट," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मला इंग्रजी येतं असं म्हणायला हरकत नाही. रोज दीड-दोन तास डिझेल जळत होतं आणि मी फुल्ल दाखवत होतो. मला काय कळणार? मला खालून निरोपच येत नव्हता.

पण सुदर्शनला तरी कळायला नको? उलट तो मलाच दाखवून लोकांना सांगायचा, "काय इंजिन बनवलंय बघा! रोज चालू करतो, काटा हलत नाही." सोसायटीचे सेक्रेटरी बापूराव एकदा खिडकीतून डोकावून म्हणाले, "गाडीही हलत नाही, काटाही हलत नाही. जोडी छान जमली आहे."

आता नागोरावांविषयी. हे सुदर्शनचे वडील. वाशीमच्या घराला कुलूप लावून मुलाकडे राहायला आलेले. तिथल्या एका मालवाहतूक कंपनीत त्यांनी छत्तीस वर्षं ट्रक दुरुस्त केले. अख्खं वाशीम त्यांना नागोराव मिस्त्री म्हणायचं. पण इथे, माझ्या देखत, सुदर्शनने बापूरावांशी त्यांची ओळख करून दिली ती अशी: "माझे वडील. ट्रान्सपोर्टमध्ये होते. मॅनेजमेंट साइडला." नागोराव तेव्हा पुढच्या चाकापाशी उभे होते. टायरकडे बघत राहिले. तेव्हापासून सोसायटीत त्यांना 'साहेब' म्हणू लागले, आणि साहेब झाल्यामुळे त्यांना गाडीला हात लावायची मनाई झाली. कुणी पाहिलं तर काय म्हणेल?

जूनमध्ये सातारा रस्त्यावरच्या एका कार्यालयात लग्न होतं. उत्कर्षाने बजावलं की पैठणी नेसून ती स्कूटरवर बसणार नाही. नाइलाजाने गाडी निघाली. स्वारगेटच्या चौकात, बरोबर मधोमध, तिने दोन आचके दिले आणि बंद पडली. मागून बसचे हॉर्न सुरू झाले. एक रिक्षावाला शेजारून जाताना म्हणाला, "एवढी मोठी घेतलीत, ढकलायला माणसं पण ठेवायची ना!"

"डिझेल संपलं, लेका," मागच्या सीटवरून नागोराव म्हणाले.

"बाबा, काटा फुल्ल आहे."

"काटा फुल्ल हाये अन् टाकी रिकामी हाये. मले आवाजावरून समजते. बॉनेट उघड, मी पाहतो."

"बाबा, प्लीज. हा ट्रक नाहीये. सगळं इलेक्ट्रॉनिक असतं यात. तुम्ही बसा."

नागोराव बसले. दोन तासांनी गाडी ओढून नेणारी गाडी आली. लग्न लागून गेलं होतं, पंगतीही उठल्या होत्या.

गॅरेज मोठं चकचकीत होतं. कॉफीचं मशीन, काचेचं ऑफिस, आणि पुष्कर नावाचा सल्लागार, त्याच्या हातात टॅब्लेट. त्याने दहा लिटर डिझेल टाकलं, गाडी सुरू झाली. मी फुल्लवरच. त्याने गाडीला कॉम्प्युटर जोडला आणि निकाल दिला, "सर, मीटर गेलाय. पूर्ण क्लस्टर रिप्लेस करावा लागेल. पार्ट बाहेरून येईल. सहा-सात आठवडे."

"मीटर म्हणजे काटापण?"

"काटापण, सर. जुना स्क्रॅप."

स्क्रॅप! तेरा वर्षं इमानदारीने नोकरी केलेल्याला हा निरोप. टाकीचं झाकण उघडून बघावं असं त्या चकचकीत गॅरेजमध्ये एकालाही वाटलं नाही. घरी परतताना फक्त नागोराव म्हणाले, "काट्याले काहून बदलता? टाकीतून जे येते तेच तो दाखवते. टाकीत पाहा एकदा."

"बाबा, त्यांनी स्कॅन केलंय," सुदर्शन म्हणाला आणि गाण्यांचा आवाज वाढवला.

माझा जीव आता अशा एकाच माणसाच्या हातात होता, ज्याने हात लावायचा नाही असं ठरलं होतं.

नवा मीटर आल्याचा फोन आला. शनिवारी गाडी गॅरेजमध्ये न्यायची होती. शुक्रवारी सकाळी सुदर्शन ऑफिसला गेला आणि थोड्या वेळाने जिन्यावर चपला वाजल्या. पुढे उत्कर्षा, मागे नागोराव, त्यांच्या खांद्यावर दुपट्टा आणि हातात पत्र्याचा डबा. उत्कर्षा म्हणाली, "बाबा, मला काही माहीत नाही. किल्ली टेबलावर पडली होती आणि तुम्हाला ती सापडली."

"मले सापडली," नागोरावांनी मान डोलावली.

त्यांनी आधी चारही दारं उघडली. बॅटरीची तार काढली. मागची सीट उचलली, गालिचा दुमडला, खालचं झाकण उघडलं. टाकीची गोल चकती सोडवायला त्यांनी लोखंडी छिन्नी घेतली नाही. लाकडाचा तुकडा लावून वरून हलके ठोके मारले, ठिणगी नको म्हणून. मग फ्लोट बाहेर काढला. सांध्यावर काकवीसारखा तपकिरी चिकटा होता. त्यांनी तो डिझेलमध्ये भिजवला, जुन्या टूथब्रशने घासला, फडक्याने पुसला. घाई अजिबात नव्हती. बारीक शीळ वाजवत होते. हा माणूस शीळ वाजवतो हे मला आणि बहुधा उत्कर्षालाही तेव्हाच कळलं.

मग बॅटरी जोडून त्यांनी उत्कर्षाला पुढे बसवलं. "मी इकडून फ्लोट हलवतो, तू काटा पाह्य. किल्ली अर्धीच फिरव."

त्यांनी फ्लोट खाली केला. आणि महिनोन्महिन्यांनी मला खालून निरोप आला! मी हललो. अंग आखडलं होतं, तरी हललो.

"बाबा, पाऊण!" उत्कर्षा ओरडली. "अर्धा! पाव! बाबा, खाली आला, पूर्ण खाली आला!"

"आता वर येते का पाह्य."

"येतोय, येतोय!"

मला रडता येत असतं तर मी त्या काचेत रडलो असतो.

संध्याकाळी सुदर्शन आला तेव्हा फ्लोट टाकीत परत बसला होता, पण मागची सीट अजून बाहेरच होती. तो धावत आला, आत बसला, किल्ली फिरवली. मी लाल पट्टीच्या जरासा वर उभा राहिलो, जेवढं होतं तेवढं दाखवत.

"बाबा, हे काय करून ठेवलंत? आधी फुल्ल तरी दाखवत होता!"

"तेवढंच आहे टाकीत," उत्कर्षा शांतपणे म्हणाली. "गॅरेजवाल्याने दहाच लिटर टाकलं होतं. त्यातलंही तू दोन मीटिंगांत जाळलंस."

सुदर्शन माझ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात बापूराव आले. "काय चाललंय हे? पार्किंगमध्ये दुरुस्तीला मनाई आहे. बोर्ड मी मराठीतच लावला आहे ना?"

"झालं, बापूराव, आवरतोच. काटा दुरुस्त झाला."

"झाला?" बापूरावांचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या गाडीचा तीन वर्षं अर्ध्यावर बसलाय. कुणी केला?"

नागोराव मागच्या दाराशी उभे होते. हात मनगटापर्यंत काळे. सुदर्शनने त्यांच्याकडे बघितलं नाही. "आहे एक स्पेशालिस्ट. घरी येऊन करतो."

"नंबर द्या त्याचा."

सुदर्शनने फोन काढला. अंगठा काचेवरून वर-खाली फिरत राहिला. मी स्वतः कित्येक महिने फुल्लवर अडकून काढले होते. तिथून खाली येणं किती जड जातं ते मला ठाऊक होतं. मला त्याचा राग आला आणि दयाही आली.

नागोरावच बोलले. "बापूराव, तो मिस्त्री आता बाहेरची कामं नाई घेत. म्हातारा झाला तो." हसून म्हणाले, आणि काळे हात पाठीमागे नेले.

उत्कर्षाने नवऱ्याकडे फक्त पाहिलं.

सुदर्शनने फोन खिशात टाकला. "बाबांनी केलं, बापूराव. ते मॅनेजमेंटला वगैरे नव्हते. वाशीमला ट्रक दुरुस्त करायचे. मिस्त्री होते. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं," बापूराव म्हणाले. "मॅनेजमेंटचा माणूस दुसऱ्याच्या इंजिनाचा आवाज ऐकायला जिन्यात थांबत नाही. म्हटलं, तुम्ही सांगाल तेव्हा ऐकू. नागोराव, उद्या चारनंतर याल का? आधी नको, मी झोपलेला असतो."

"येतो की," नागोराव म्हणाले. त्यांचे हात पुढे आले होते.

सीट बसवून झाल्यावर सुदर्शनने किल्ली त्यांच्यापुढे धरली. "बाबा, पंपावर जाऊ या. तुम्ही चालवा." नागोरावांनी साबणाने दोनदा हात धुतले, तरी स्टिअरिंगवर आधी दुपट्टा टाकला. आरशाकडे बघितलं नाही, आधी माझ्याकडे बघितलं. "छत्तीस वर्षं ट्रक चालवून पाहिले, पण एकाचाही काटा चालू नव्हता. टाकीत काडी घालून पाहायचो," ते म्हणाले. पंपावर मी हळूहळू चढत गेलो तेव्हा ते लहान मुलासारखे मला न्याहाळत होते.

नवा मीटर परत गेला. मी जागेवर आहे. बापूरावांचा काटाही दुसऱ्या दिवशी सुटला आणि थेट लाल पट्टीवर जाऊन बसला. "तीन वर्षं अर्धं होतं, तुम्ही हात लावला आणि संपलं," असं म्हणून त्यांनी चार दिवस नागोरावांशी बोलणं टाकलं. माणसांना दुरुस्त काटा हवा असतो, पण त्याने खाली मात्र येऊ नये.

माझं एवढंच मागणं आहे. मी खाली आलो की माझ्याकडे बघून तोंड वाकडं करू नका. खाली येणं हे माझं काम आहे. फुल्लवर बसून राहिलो होतो तो आजार होता. आता निरोप घेतो, कारण कुणीतरी दार उघडतंय.

सुदर्शनच्या ऑफिसातला नवा सहकारी आहे, पहिल्यांदाच गाडीत बसतोय. पट्टा लावता लावता विचारतोय, "सर, तुमचे फादर काय करायचे?"

"करायचे काय, अजून करतात," सुदर्शन म्हणाला. "मिस्त्री आहेत."