अंगणातली तार

सड्याची बादली ओट्यावरच ठेवून नूतन आधी घरात गेली आणि दारामागचं बटन पाहून आली. बंद होतं. मग तिने सडा टाकला, पण मोटरसायकलपासून चार हात लांबूनच. सगळं अंगण ओलं, आणि गाडीभोवतीचा तेवढा तुकडा कोरडा, असं तिच्या दाराचं रूप आता गावाच्याही सवयीचं झालं होतं.

आधीची मोटरसायकल दिवाळीनंतर याच जागेवरून चोरीला गेली. घरातली तिन्ही माणसं, ती, तिचा नवरा अभिमन आणि सासू पुष्पाबाई, आत झोपलेली होती. सकाळी अंगणात तेलाचा एक डाग तेवढा राहिला होता. मग दोन दिवस लोक येऊन ओट्यावर बसून गेले, एखादं माणूस गेल्यावर यावं तसे. चहा घेऊन प्रत्येकाने अक्कलही शिकवली. साखळी लावायची होती, कुत्रं पाळायचं होतं, गाडी घरातच घ्यायची होती. गाडी गेल्यावर शहाणपण सांगायला कुणाचं काय जातं? पाचोऱ्याला पोलिसांनी तपास चालू आहे असं सांगितलं होतं आणि तो बिचारा अजून चालूच होता.

अभिमनने आरडाओरडा केला नाही, त्याचीच नूतनला जास्त भीती वाटली. तो जेवता जेवता हातातला घास तसाच धरून एखाद्या वेळी दाराकडे बघत त्या चोराबद्दल म्हणायचा,

"तो आठे लगून उना व्हता. आपन निजेल व्हतूत."

महिन्याभराने त्याने एक जुनी मोटरसायकल आणली आणि त्याच दिवशी तिला घरातून विजेची तार जोडली. शेताच्या बांधाला रानडुकरांसाठी सोडतात तशी.

"रातले गाडीले हात नको लावज्यात कोनी," तो म्हणाला.

नूतनने विचारलं, "आनि कोनी मरी गया म्हंजे?"

"चोरच मरी ना."

पुष्पाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "कोना तरी पोऱ्याच ऱ्हास तो, अभिमन."

अभिमनने पक्कड पुसून जागेवर ठेवली.

सुरुवातीला तार रात्रीपुरतीच होती. चैत्र लागला, ऊन तापू लागलं, तसा तो दुपारी पडतानाही बटन दाबू लागला. नूतनने भांडून पाहिलं, रडून पाहिलं, गुपचूप बटन बंद करूनही पाहिलं. तो उठायचा, टेस्टर लावून बघायचा आणि बटन पुन्हा चालू करायचा. पुष्पाबाईंची दुपारची झोप उडाली. त्या उंबऱ्यात बसून कोंबड्या हाकलायच्या, शेजारणीला लांबूनच परत पाठवायच्या. एका दुपारी मांजर गाडीखाली सावलीला गेलं ते परत आलंच नाही. अभिमनने त्याला फडक्यात गुंडाळून उकिरड्यापलीकडे पुरलं. येऊन हात धुतले आणि भाकरी जास्तीची मागितली.

त्याच आठवड्यात नूतनच्या लक्षात आलं की फाटकाला कुलूप नाही. चोरी झाल्यापासून जे फाटक दिवसाही बंद असायचं, ते आता अर्धं उघडं होतं. तिने कडी लावली. अभिमन उठला आणि त्याने ती काढली.

"बंद ऱ्हायनं ते तो येई कसा?"

भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तितक्या सहज तो बोलला. नूतन त्याच्याकडे बघतच राहिली. गाडी राखायची असती तर याने फाटक उघडलं नसतं. हा वाट बघत होता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन दिवस राहिले आणि दरवर्षीप्रमाणे योगराज, नूतनचा धाकटा भाऊ, तिला माहेरी न्यायला दोंडाईच्याहून आला. ऐन दुपारची वेळ. पुष्पाबाई नेमक्या पाणी प्यायला आत गेलेल्या. फाटक करकरलं म्हणून नूतन चुलीपासून उठून दारात आली, तर योगराज आंब्यांची पिशवी गाडीच्या हँडलला अडकवायला एका हाताने हँडल धरायच्याच बेतात होता.

"हात नको लावजो!"

तिचा आवाज ऐकून शेजारचं दारही उघडलं. योगराजचा हात तसाच हवेत राहिला. मग तो हसला.

"काय व्हयनं ताई? नवी शे का गाडी?"

नूतनच्या मागे उभ्या राहिलेल्या पुष्पाबाईंच्या हातातला तांब्या खाली पडला. झोपेतून उठून अभिमन बाहेर आला. त्याने मेव्हण्याकडे पाहिलं, हँडलकडे पाहिलं. आता तरी याचा चेहरा बदलेल, आता तरी हा मटकन खाली बसेल, म्हणून नूतन त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"फोन करीसन येवाले पाहिजे व्हतं," अभिमन म्हणाला. आणि बटन बंद करायला आत गेला.

नूतनने कपडे भरायला घेतले. ती पिशवी घेऊन बाहेर आली, तर पुष्पाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, बोचकं काखेत मारून उभ्या.

"तू कोठे?" अभिमनने विचारलं.

"आखाजी शे. माहेरले."

"तुना माहेरले आते कोन ऱ्हायनं?"

"इनं माहेर शे ना."

अभिमन हसला. दुसरं कोणी हसलं नाही. आखाजीला सासू सुनेच्या माहेरी निघाली, असं त्या गावात कधी कोणी ऐकलं नव्हतं.

"तार काढी टाक," पुष्पाबाई म्हणाल्या. "मंग फोन कर."

तो ओट्यावर बसला होता. "जातांना फाटक उघडंच ऱ्हाऊ द्या," एवढंच त्याने सांगितलं.

धुळ्यापर्यंत बसमध्ये पुष्पाबाई बोचकं मांडीवर धरून बसल्या. धुळ्याला गाडी बदलल्यावर त्यांनी हळूच विचारलं,

"तुना घरमा माले कोनी काही म्हनतीन का रे?"

"नही अक्का. काय म्हनतीन?" योगराज म्हणाला.

दोंडाईच्याला पोहोचेपर्यंत दिवस कलला होता. योगराज पिशव्या घेऊन झपाझप पुढे गेला आणि घरात शिरला. नूतन त्याच्यामागून निघाली, आणि अंगणाच्या तोंडाशी तिचे पाय थांबले. पायरीला लागून योगराजची मोटरसायकल उभी होती. ती वर्षानुवर्षं तिथेच उभी असायची. बाजूने जायला भरपूर वाट होती. नूतनला ती दिसत होती, तरी पाऊल उचलेना. तिने मागे पाहिलं. पुष्पाबाईही थांबल्या होत्या आणि त्यांनी तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

योगराजची बायको सुलक्षणा ओवाळून टाकायला भाकरतुकडा घेऊन दारात आली.

"या ना ताई. अशा काय उभ्या ऱ्हायन्यात दोन्ही?"

त्या हलत नाहीत हे पाहून ती स्वतःच खाली उतरू लागली. पायरी उंच होती, म्हणून आधाराला तिने एक हात मोटरसायकलकडे नेला. नूतनने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. पुष्पाबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले.